बफेलो नदीची लढाई आणि आपली कुंडलिका

पोस्ट मोठी आहे. निवांत वाचा. घाईत असाल तर सेव्ह करून ठेवा.

अमेरिकेत आर्कान्सा नावाचं राज्य आहे. बिल क्लिंटनचं राज्य म्हटलं की काहींच्या लक्षात येईल. तिथल्या ओझार्क डोंगरात बफेलो नावाची नदी उगम पावते, साधारण 240 किलोमीटर वळणं घेत जाते आणि व्हाइट नावाच्या मोठ्या नदीला मिळते. तिच्या काठावर चुनखडीचे उभे कडे आहेत, काही दीडशे मीटरपेक्षाही उंच. बाजूच्या एका घळीत 209 फुटांचा धबधबा आहे. पाणी इतकं नितळ की तळातले गोटे मोजावेत. आणि या नदीवर एकही धरण नाही.

हे आपोआप झालेलं नाही. 1930 च्या दशकापासून या नदीवर धरणाचा नकाशा तयार होता. ते धरण अडवलं कुणी, तर कॅनू चालवणाऱ्यांनी. कॅनू म्हणजे दोन माणसं बसतील अशी लांबट, अरुंद, हलकी होडी. वल्हं एकाच पात्याचं. खांद्यावर उचलून नेता येते.

आता तुम्ही म्हणाल, रोहा-कोलाडच्या माणसाला याचं काय? सांगतो. आपल्याकडं कुंडलिकेत राफ्टिंग सुरू झाल्यापासून एक वाक्य सारखं कानावर येतं, की पर्यटन आलं म्हणजे नदी वाचते. बफेलोच्या बाबतीत हे वाक्य बऱ्यापैकी खरं ठरलं. पण त्याची किंमत कुणी मोजली, ते सांगितल्याशिवाय ती गोष्ट पुरी होत नाही.

तर सुरुवातीपासून.

1938 च्या पूरनियंत्रण कायद्यात व्हाइट नदीच्या खोऱ्यातल्या धरणांना मंजुरी मिळाली. ही धरणं बांधणार होतं लष्कराचं अभियंता दल. अमेरिकेत मोठ्या नद्यांचं बरंच काम हेच खातं बघतं. नॉरफोर्क धरण 1944 मध्ये झालं, बुल शोल्स 1951 मध्ये. पाठोपाठ बफेलोचा नंबर लागणार होता. तिच्यावर दोन जागा धरल्या होत्या, एक मुखाजवळ लोन रॉक आणि दुसरी वर गिल्बर्ट गावाजवळ.

धरण मागणारे लोक कुणी राक्षस नव्हते, हे आधी समजून घ्या. सर्सी काउंटी, न्यूटन काउंटी हा भाग गरीब. डोंगराळ जमीन, थोडी गुरं, थोडं लाकूड. पोरं कामासाठी शहरात निघून जायची. शेजारी बुल शोल्सचं तळं झालं आणि तिथं हॉटेलं आली, मासेमारीच्या बोटी आल्या, जमिनीला भाव आला. ते बघून मार्शल गावच्या मंडळींनी बफेलो नदी सुधारणा संघटना काढली. नाव बघा, सुधारणा! जेम्स ट्यूडर तिचा पुढारी. त्या भागाचा खासदार जेम्स ट्रिंबल हाही धरणाच्या बाजूचा. काँग्रेसने धरणाची तरतूद असलेली विधेयकं मंजूर केली आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने 1950 च्या दशकात ती दोनदा परत पाठवली. नदीच्या प्रेमापोटी नव्हे, खर्च जास्त म्हणून. कधी कधी कंजूषपणाही नदीच्या कामी येतो तो असा.

त्या काळात तिथं धरणांची हवा किती होती याचा अंदाज एका गोष्टीवरून येईल. त्याच राज्यात ग्रीअर्स फेरी नावाचं धरण झालं, त्याच्या उद्घाटनाला 3 ऑक्टोबर 1963 रोजी खुद्द राष्ट्राध्यक्ष केनेडी आले होते. पुढच्याच महिन्यात त्यांची हत्या झाली.

अशा हवेत धरणाच्या विरोधात उभा राहिला एक डॉक्टर. नील कॉम्प्टन, बेंटनव्हिल गावचा, बाळंतपणं करणारा. बेंटनव्हिल म्हणजे पुढं जिथून वॉलमार्ट वाढली तेच गाव. सुट्टी मिळाली की हा माणूस कॅमेरा घेऊन डोंगरात हिंडायचा, नदीत उतरायचा. त्याला साथ मिळाली हॅरल्ड हेजेस या कॅन्सस सिटीच्या कॅनूवाल्याची. 24 मे 1962 रोजी फेएटव्हिलमध्ये ओझार्क सोसायटी स्थापन झाली. कॉम्प्टन अध्यक्ष.

यांच्याकडं पैसा नव्हता, खासदार नव्हता. होत्या त्या होड्या. आणि इथं एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रुमन या लढाऊ विमानं बनवणाऱ्या कंपनीने विमानाच्या ॲल्युमिनियमपासून कॅनू बनवायला सुरुवात केली. त्याआधी लाकूड आणि कॅनव्हासची कॅनू असायची, नाजूक आणि जपावी लागणारी. ॲल्युमिनियमची होडी दगडावर आपटली तरी चालते, गाडीच्या टपावर बांधून नेता येते. त्यामुळं मास्तर, कारकून, दुकानदार असे साधे लोक शनिवार-रविवारी नदीत उतरू लागले. त्याआधी त्या भागात नदीची सफर म्हणजे पैसेवाल्यांची. सपाट तळाची लांब लाकडी होडी, ती हाकायला स्थानिक वाटाड्या, आणि साहेब गळ टाकून बसलेला.

नदीच्या कडेनं सलग रस्ता नव्हता. कडे, घळी, धबधबे हे सगळं पाण्यातूनच दिसायचं. म्हणून ओझार्क सोसायटीनं साधी युक्ती केली. ज्याचं मत वळवायचं त्याला होडीत बसवायचं. पत्रकार, अधिकारी, जो येईल तो. एप्रिल 1962 मध्ये, म्हणजे सोसायटी निघायच्या महिनाभर आधी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम ओ. डग्लस या नदीतून गेले होते. डग्लस म्हणजे जंगल-नद्यांसाठी उघड भूमिका घेणारा माणूस. ते आले आणि बफेलोचं नाव राज्याबाहेरच्या पेपरांत झळकलं. चित्रकार थॉमस हार्ट बेंटन तर वर्षानुवर्षं इथं यायचा. नकाशावर धरणाची रेघ मारणं सोपं असतं. त्याच जागेवरून एकदा होडीतून गेलेल्या माणसाला ती रेघ मारताना हात जरा थांबतो.

(आमच्या धंद्यातल्या लोकांसाठी सांगतो. नदीवर बातमी करायची तर पुलावरून फोटो काढून परत येऊ नका.)

लढाई गोड गोड नव्हती. 1965 मध्ये नदीत आडवी काटेरी तार बांधली गेली, झाडं तोडून पात्रात टाकली गेली, होडीवाल्यांच्या दिशेनं बंदुकीचे बार काढले गेले. हे करणारे तिथलेच लोक होते. त्यांच्या नजरेतून बघा. शहरातले लोक शनिवारी येतात, आमच्या नदीत हुंदडतात, रविवारी परत जातात आणि सोमवारी पेपरात लिहितात की इथं धरण नको, रस्ता नको. आमच्या पोराच्या नोकरीचं काय?

यात तिसरी बाजूही होती, तिचा आवाज मात्र सगळ्यात कमी ऐकला गेला. नदीकाठचे जमीनमालक. त्यांना धरण नको होतं, कारण जमीन बुडणार. आणि सरकारी उद्यानही नको होतं, कारण जमीन जाणार. त्यांनीही आपली संघटना काढली. पण पेपरात भांडण रंगलं ते धरणवाले आणि होडीवाले यांचं.

शेवटी पारडं फिरवलं ते कुणाला अपेक्षित नसलेल्या माणसानं. गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस. 1957 मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना अडवण्यासाठी ज्यानं सैनिक उभे केले, तोच. इतिहासात त्याचं नाव त्या काळ्या कामासाठी आहे आणि ते तसंच राहावं. पण तो ओझार्क डोंगरातल्या खेड्यात वाढलेला. डिसेंबर 1965 मध्ये त्यानं अभियंता दलाला पत्र लिहिलं की राज्याला हे धरण नको. राज्याचा गव्हर्नरच नको म्हणतो म्हटल्यावर अभियंता दलानं प्रस्ताव मागं घेतला. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत खासदार ट्रिंबल पडला आणि जॉन पॉल हॅमरश्मिट निवडून आला. रिपब्लिकन पक्षाचा माणूस आर्कान्सातून असा निवडून येणं ही कित्येक दशकांत न घडलेली गोष्ट. त्यानं आणि सिनेटर फुलब्राइट, मॅक्लेलन यांनी नदीच्या संरक्षणाचं विधेयक लावून धरलं.

1 मार्च 1972 रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सननं सही केली. बफेलो अमेरिकेची पहिली राष्ट्रीय नदी झाली. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, 1 मार्च 1872 रोजी, यलोस्टोन हे त्यांचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं होतं.

बहुतेक लेखांत गोष्ट इथं संपते. डॉक्टर जिंकला, नदी वाचली, टाळ्या.

पण राष्ट्रीय नदी करायची म्हणजे नुसतं पाणी जाहीर करून भागत नाही, दोन्ही काठ लागतात. नदीचा सुमारे 217 किलोमीटरचा पट्टा आणि जवळपास 95 हजार एकर जमीन राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात घ्यायची ठरली. त्यातली बरीच जमीन लोकांची होती. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली. कायद्यात सोय होती की घर विकल्यावरही मालकाला 25 वर्षांपर्यंत किंवा मरेपर्यंत तिथं राहता येईल. प्रत्यक्षात 1970 च्या दशकात अधिकारी आले, किंमत सांगितली, नको म्हणाल तर सक्तीचं संपादन आहेच. अनेक घरं रिकामी झाली. धरण झालं असतं तर पाण्यानं उठवलं असतं, आता नदी वाचवण्यासाठी उठवलं.

ईव्हा हेंडरसन नावाची एक म्हातारी होती. सगळे तिला ग्रॅनी म्हणायचे, म्हणजे आजी. स्नीड क्रीक नावाच्या ओढ्याजवळ डोंगरात एकटी राहायची. वीज नाही, नळ नाही. गुरं-कोंबड्या सांभाळून. तिलाही जागा सोडावी लागली. 1979 मध्ये ती वारली, घर सोडून फार दिवस झाले नव्हते. तिचं लाकडी घर अजून उभं आहे. आज पाठीवर पिशव्या घेतलेले पर्यटक तिथं चालत जातात, फोटो काढतात. पायवाटेच्या नकाशावर त्या घराला तिचंच नाव आहे.

सरकारला पुढं काही गोष्टी उमगल्या, हेही सांगायला हवं. बॉक्सली नावाच्या वरच्या खोऱ्यात शेतकरी गेल्यावर शेतात झुडपं माजली, कोठारं पडायला लागली. तेव्हा लक्षात आलं की लोक ज्या देखाव्याला बघायला येतात तो निम्मा या शेतकऱ्यांनीच घडवलेला आहे. 1980 च्या दशकात धोरण बदललं. काही जमीन अटी घालून पुन्हा शेतकऱ्यांना विकली. आज बॉक्सलीत गवताची कुरणं आहेत, गुरं आहेत, घरं आहेत. आणि एल्क नावाची मोठी हरणं आहेत, तीही 1981 पासून बाहेरून आणून सोडलेली. पण जे आधी उठले त्यांच्यातले फार थोडे परत आले असणार. म्हाताऱ्या माणसाला धोरण बदलेपर्यंत थांबायला वेळ नसतो.

आणि नदी तरी कायमची वाचली का? 2012 मध्ये बफेलोला मिळणाऱ्या बिग क्रीक या ओढ्याकाठी माउंट ज्यूडिया गावाजवळ साडेसहा हजार डुकरांच्या फार्मला राज्य सरकारनं परवानगी दिली. उद्यानाच्या हद्दीबाहेर, त्यामुळं कागदोपत्री सगळं बरोबर. पण हा प्रदेश चुनखडीचा. वर पडलेलं पाणी भेगांतून, विवरांतून खाली जातं आणि कुठल्या तरी दुसऱ्याच झऱ्यातून वर येतं. एका निवृत्त भूशास्त्र प्राध्यापकानं आणि त्याच्या साथीदारांनी जमिनीत निरुपद्रवी रंग सोडून दाखवून दिलं की पाणी भुयारातून किती लांब जातं. मग डुकरांचं मलमूत्र शेतात फवारलं तर ते कुठं जाणार? सात वर्षं भांडण चाललं. शेवटी 2019 मध्ये राज्यानं 62 लाख डॉलर मोजून फार्म बंद करायचा करार केला. फार्मवाले शेतकरीही तिथलेच, परवाना रीतसर घेतलेले. त्यांना खलनायक करून भागत नाही. परवाना देणाऱ्यानं आधी नकाशा नीट बघितला असता तर लोकांच्या करातले 62 लाख डॉलर वाचले असते.

2023 मध्ये आणखी एक कल्पना निघाली. या नदीचा दर्जा बदलून आणखी मोठं उद्यान करायचं, म्हणजे आणखी पर्यटक येतील. त्यामागं वॉल्टन कुटुंबाच्या नातवांची कंपनी असल्याचं बाहेर आलं. जॅस्पर या छोट्या गावात शेकडो लोक सभेला जमले आणि विरोध केला. यात ज्यांचे आजी-आजोबा 1970 च्या दशकात उठवले गेले असेही होते. पन्नास वर्षं झाली तरी विसरलेले नाहीत.

आता आपल्याकडं येतो.

कोलाडला जे राफ्टिंग चालतं ते बारमाही कसं चालतं, याचा विचार मुंबई-पुण्याहून येणाऱ्या किती लोकांनी केला असेल? एप्रिल-मे मध्ये सह्याद्रीच्या या बाजूच्या नद्यांत गुडघाभर पाणी मुश्किलीनं असतं. कुंडलिकेला मात्र रोज सकाळी फेसाळतं पाणी. ते पाणी तिचं नाही. ते घाटावरचं, मुळशीचं आहे. मुळा नदी पूर्वेकडं वाहते, भीमेला आणि पुढं कृष्णेला मिळते. तिला मुळशीला अडवली, पाणी बोगद्यातून घाटाच्या कड्यावरून खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं. 1927 पासून तिथं वीज तयार होते. वीज करून उरलेलं पाणी कुंडलिकेत. वीजघर सुरू असलं की पाणी येतं, आणि पाणी आलं की राफ्ट सुटतात. म्हणजे ज्याला जाहिरातीत "जंगली नदी" म्हणतात तिचं वेळापत्रक विजेच्या मागणीवर ठरतं.

बफेलोत उलटं आहे. तिथं पाऊस झाला तर वरच्या भागात कॅनू चालते, नाही झाला तर नाही. पॉन्का गावच्या पुलाजवळ पाणी किती आहे ते बघून लोक निघतात. उन्हाळ्यात वरचा भाग कोरडा पडतो आणि कुणी तक्रार करत नाही.

आणि मुळशीचं धरण कसं झालं? एप्रिल 1921 मध्ये रामनवमीला मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. टाटांच्या वीज कंपनीसाठी पन्नासच्या आसपास गावं बुडणार होती. "जान किंवा जमीन" ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट या लढ्यात उतरले आणि लोकांनी त्यांना सेनापती केलं. बापटांना पुढं सात वर्षांची शिक्षा झाली. तिथंही बाजू दोनच नव्हत्या. जमिनीची मालकी असलेले पुण्याचे सावकार भरपाई घेऊन मोकळे व्हायला तयार होते, कसणारी कुळं मात्र जमीन सोडायला तयार नव्हती. राजेंद्र व्होरांचं मुळशी सत्याग्रहावरचं पुस्तक आहे, ज्यांना मिळेल त्यांनी जरूर वाचा. लढा हरला. भात पिकवणारं खोरं पाण्याखाली गेलं.

म्हणजे तिथं धरण थांबलं म्हणून होडी चालते, इथं धरण झालं म्हणून होडी चालते. खोऱ्यातला शेतकरी दोन्हीकडं उठला.

मी राफ्टिंगच्या विरोधात नाही. आपल्या भागातल्या पोरांना त्यातून काम मिळालंय. गाईड झालीत, जेवणाचे डबे पुरवणारी घरं आहेत, रिकाम्या खोल्या भाड्यानं जातात. पोटाचा प्रश्न आहे, त्याची टिंगल करणारा मी कोण. पण "पर्यटनानं नदी वाचते" असं कुणी म्हणालं की मी विचारतो, कुठपर्यंत? राफ्टिंगचा पट्टा सुमारे बारा किलोमीटर. तिथं पाणी नितळ. तिथून खाली रोह्याच्या पुढं या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिकेचं नाव आहे. खाडीकाठच्या कोळी बांधवांना विचारा मासळीचं काय झालं. राफ्टमध्ये बसणारा माणूस त्या पट्ट्यात उतरतच नाही, मग त्याचं मत वळणार कसं? कॉम्प्टननं लोकांना ज्या पाण्यावर संकट होतं त्याच पाण्यात उतरवलं होतं.

आणखी एक. कोलाडच्या एकाही राफ्टिंगच्या जाहिरातीत मी आजवर मुळशीचं नाव वाचलेलं नाही. राफ्टमध्ये बसल्यावर सुरक्षेच्या सूचना देतात, हेल्मेट असं बांधा, वल्हं असं धरा. त्यात दोन वाक्यं वाढवायला पैसे लागत नाहीत. हे पाणी कुठून आलं, त्याखाली कोणती गावं आहेत. अमेरिकेत निदान ग्रॅनीच्या घराला तिचं नाव तरी आहे.

एक विनंती. मुळशी खोऱ्यातून उठलेल्या कुटुंबांपैकी कुणी आपल्या बाजूला, रोहा, माणगाव, सुधागडमध्ये येऊन राहिलं असेल, किंवा कुणाच्या घरी त्या काळातले सातबारे, नोटिसा, भरपाईच्या पावत्या, जुनी पत्रं असतील तर मला इनबॉक्सला कळवा. मी येऊन फोटो काढून घेईन, मूळ कागद तुमच्याकडंच राहतील. राफ्टिंगवाल्या मित्रांपैकी कुणी त्या दोन वाक्यांचा मजकूर मागितला तर लिहून द्यायला तयार आहे.

कमेंटमध्ये पक्षांवरून भांडू नका. नदीवर बोला.